रोबोटचा कॅमेरा आणि हॉलमधला उजेड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की माझ्या फोनवर एकाच धाटणीचे निरोप यायला लागतात. एक काळपट फोटो आणि खाली, "सर, काल तर चालत होतं!" मी शाळा-कॉलेजच्या संघांना फर्स्ट टेक चॅलेंज (पुढे नुसतं एफटीसी) या रोबोट स्पर्धेसाठी आणि वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडमधल्या फ्यूचर इंजिनिअर्स या स्वतः चालणाऱ्या गाड्यांच्या गटासाठी मदत करतो. तेच उत्तर विसाव्यांदा टाइप करण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवलंय. प्रश्न शक्यतो आले तसेच ठेवलेत. नियमांच्या बाबतीत मात्र शेवटचा शब्द त्या त्या वर्षाच्या मॅन्युअलचा, माझा नाही.

१. घरी दहापैकी दहा वेळा चालतं. हॉलमध्ये गेलं की कॅमेऱ्याला काहीच ओळखू येत नाही. असं का?

कॅमेऱ्याला वस्तू दिसत नाही, वस्तूवरून परतलेला उजेड दिसतो. घरच्या खोलीत छत खाली, भिंती पांढऱ्या, त्यामुळे एका ट्यूबचा उजेडही चहूकडून आदळून वस्तूवर येतो. बॅडमिंटन हॉलमध्ये दिवे आठ-दहा मीटर उंचावर असतात आणि उजेड सरळ खाली पडतो. वस्तूचा माथा लख्ख आणि बाजू अंधारात, आणि रोबोट जमिनीलगत उभा राहून बघतो ती नेमकी बाजूच.

आपल्या डोळ्यांना हे जाणवत नाही, कारण मेंदू परस्पर दुरुस्ती करून घेतो. कॅमेरा फक्त आकडे देतो. एफटीसीच्या २०२५-२६ च्या डिकोड खेळातला जांभळा गोळा घ्या. आमच्या खोलीत त्याचा ह्यू (रंगछटेचा आकडा) साधारण १४५ आणि उजळपणा १७० च्या आसपास यायचा. एका हॉलमध्ये तोच गोळा, तोच कॅमेरा, आणि ह्यू १२८, उजळपणा ६०. प्रोग्रॅमच्या दृष्टीने तो जांभळा गोळा उरलाच नव्हता, मळकट निळं काहीतरी होतं.

२. कॅलिब्रेशन म्हणजे नेमकं काय करायचं? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

सगळे बरोबर सांगतात, फक्त तीन निरनिराळ्या कामांना एकच नाव पडलंय. पहिलं लेन्सचं: भिंगाची वक्रता आणि फोकल लांबी मोजणं, ज्यावरून अंतर आणि कोन काढता येतात. दुसरं उजेडाचं: एक्स्पोजर (एका चित्रासाठी कॅमेरा किती वेळ उजेड घेतो), गेन (आलेला उजेड आकड्यांत किती वाढवायचा), व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांची दुरुस्ती). तिसरं रंगांचं: कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत "लाल" म्हणायचं ते ठरवणं, म्हणजे थ्रेशोल्ड. उजेड बदलला की दुसरं आणि तिसरं बदलतं. पहिलं बदलत नाही (प्रश्न १० पाहा). "सर, कॅलिब्रेशन गेलं" असा निरोप आला की मी आधी विचारतो, कोणतं?

३. तिन्हींपैकी आधी कोणतं?

लेन्स घरीच, एकदा. हॉलमध्ये एक्स्पोजर, मग गेन, मग व्हाइट बॅलन्स, आणि सगळ्यात शेवटी थ्रेशोल्ड. बहुतेक संघ उलट्या टोकाने सुरुवात करतात. लॅपटॉप उघडला की पहिला हात थ्रेशोल्डच्या सरकपट्ट्यांवर. चित्रच काळं असेल तर थ्रेशोल्ड कितीही ताणा, त्या अंधारात लाल आणि काळा यांच्यात फरकच उरलेला नसतो. आणि एक्स्पोजर हलवलं की आधी काढलेले थ्रेशोल्डचे सगळे आकडे बाद.

४. ऑटो एक्स्पोजर छान चालतंय की. ते बंद कशाला करायचं?

कारण ते तुमच्या वस्तूसाठी काम करत नाही, पूर्ण फ्रेमच्या सरासरीसाठी करतं. समोरून पांढऱ्या पत्र्याचा रोबोट गेला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड वाढला. तो सगळं चित्र काळं करतो आणि त्यात तुमचा गोळाही बुडतो. रोबोट वळून काळ्या पडद्याकडे बघू लागला की उलटं. एफटीसीचा ऑटोनॉमस टप्पा (रोबोट स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो तो) ३० सेकंदांचा. त्यात कॅमेऱ्याने दोनदा मत बदललं तर हातात काय राहिलं?

अंधारात ऑटो आणखी एक घोळ घालतं. उजेड कमी पडला की ते शटर जास्त वेळ उघडं ठेवतं आणि चालत्या रोबोटचं चित्र फरपटतं. टेबलावर ठेवून बघताना हे कधीच कळत नाही. व्हाइट बॅलन्स आणि फोकसचं ऑटोही त्याच माळेतलं.

५. मग मॅन्युअल एक्स्पोजर किती ठेवू? एक आकडा सांगा ना.

एक आकडा सांगता येत नाही, पण तो कसा काढायचा ते सांगतो. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

आधी फरपट मोजू. समजा कॅमेऱ्याला आडवं ६० अंश दिसतं आणि चित्र ६४० पिक्सेल रुंद आहे. म्हणजे एका अंशाला साधारण १०.७ पिक्सेल. रोबोट सेकंदाला १८० अंश या वेगाने वळतोय, अर्ध्या गिरकीला एक सेकंद, हा काही फार वेग नव्हे. १० मिलिसेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये तो १.८ अंश फिरतो आणि चित्र १९ पिक्सेल फरपटतं. लांबचा एप्रिलटॅगच (जागा ओळखण्यासाठी फील्डवर लावलेला काळा-पांढरा छापील चौकोन) मुळी ३०-४० पिक्सेलांचा दिसतो, त्यातले १९ पुसले गेल्यावर उरणार काय? ६ मिलिसेकंदांना फरपट साडेअकरा पिक्सेल, २ मिलिसेकंदांना चारच्या आत.

म्हणून टॅगसाठी एक्स्पोजर कमी आणि गेन जास्त. गेन वाढवला की चित्रात दाणे येतात, पण काळ्या-पांढऱ्या चौकोनाला दाण्यांचा त्रास फरपटीपेक्षा कितीतरी कमी होतो. एफटीसीच्या एसडीकेत (प्रोग्रॅम लिहिण्यासाठीच्या तयार सॉफ्टवेअर संचात) टॅगकडे स्वतःहून जाणारा एक नमुना प्रोग्रॅम आहे. त्यात ६ मिलिसेकंद आणि गेन २५० अशी जोडी दिली आहे. सुरुवात तिथून करा. योग्य एक्स्पोजर शोधण्यासाठी वेगळा नमुना प्रोग्रॅमही तिथेच आहे, तो फारसं कोणी उघडत नाही.

रंग ओळखायचा असेल तर हिशेब वेगळा. दाण्यांमुळे ह्यू थरथरतो, म्हणून गेन कमी हवा आणि उजेड पुरेसा हवा. मी १० मिलिसेकंदांवर ठेवतो (दहाच का, ते प्रश्न ६ मध्ये) आणि रंग बघण्याआधी रोबोटला क्षणभर थांबवतो. मुलांना थांबणं जिवावर येतं. पण पाव सेकंद उभं राहून बरोबर गोळा उचलणं हे धावत जाऊन चुकीचा उचलण्यापेक्षा स्वस्तच पडतं.

ठरवायची साधी रीत अशी: वस्तू जिथे असणार तिथे, ती जशी उभी असणार तसाच एक कोरा पांढरा कागद धरा. रोबोटच्या कॅमेऱ्यातून त्या कागदाचा उजळपणा २५५ पैकी २०० च्या आसपास येईल असं एक्स्पोजर आणि गेन लावा. २५५ लागला तर चित्र जळलंय. जळलेल्या जागेत रंगाची माहितीच शिल्लक राहत नाही. १०० च्या खाली असेल तर अजून वाव आहे. कागद आडवा, छताकडे तोंड करून धरू नका. हॉलमध्ये आडव्या आणि उभ्या कागदाच्या आकड्यांत दुपटीचा फरक सहज पडतो.

६. चित्रात आडवे काळे पट्टे वर-खाली सरकतात. कॅमेरा बिघडलाय का?

नाही, दिवे लुकलुकताहेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. साध्या वेबकॅमचं शटर चित्र एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचत जातं. काही ओळी तेज क्षणी वाचल्या जातात, काही मंद क्षणी, आणि तेच पट्टे होऊन दिसतात. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एका फ्रेममध्ये दिवा ३ पूर्ण आणि एक तृतीयांश वेळा लुकलुकतो; तो उरलेला तृतीयांश पुढच्या फ्रेममध्ये पट्टा पुढे ढकलतो. २५ फ्रेमना हिशेब बरोबर चारचा बसतो आणि पट्टे जागच्या जागी थांबतात. थांबले म्हणजे गेले असं मात्र समजू नका.

उपाय असा की एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवायचं, १० किंवा २०. मग प्रत्येक ओळीला दिव्याचा एक पूर्ण हेलकावा मिळतो आणि पट्टे विरतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये विजेच्या वारंवारतेचा पर्याय असतो, तो ५० वर आणा. बरेचदा तो ६० वरच असतो. अमेरिकेतल्या व्हिडिओत ८.३ मिलिसेकंद सांगतात ते त्यांच्या ६० हर्ट्झसाठी, ते जसंच्या तसं उचलू नका.

टॅगसाठी १० च्या खाली जावंच लागतं, तेव्हा थोडे पट्टे चालवून घ्या. आणि हॉल जनरेटरवर असेल तर वारंवारता पन्नासच्या जरा मागेपुढे होते, मग १० मिलिसेकंदांनाही फिकट पट्टे राहतात. लाइट गेली आणि जनरेटर सुरू झाला की एकदा चित्राकडे बघाच.

७. व्हाइट बॅलन्स आम्ही कधी हातच लावत नाही. लावायलाच हवा का?

रंग ओळखत असाल तर हो. नुसते टॅग वाचत असाल तर हा प्रश्न सोडून पुढे जा.

एका शाळेच्या पटांगणात सरावसामने होते. वर केशरी कापडाचा मांडव, भर दुपार. कापडातून गाळून आलेल्या उजेडात राखाडी मॅटसुद्धा पीचच्या रंगाची दिसत होती. २०२४-२५ च्या इन्टू द डीप खेळाचे पिवळे, लाल आणि निळे सॅम्पल होते. आमचा रोबोट एकामागून एक पिवळे सॅम्पल उचलून लाल म्हणून बाजूला टाकत होता. पिवळ्याचा ह्यू सव्वीस-सत्तावीसवरून घसरून चौदावर आला होता आणि आमच्या लालची हद्द पंधरापर्यंत होती. प्रोग्रॅमची काही चूक नव्हती, त्याला दिसत होतं ते तसंच होतं.

उपाय दोन मिनिटांचा निघाला. व्हाइट बॅलन्सचं ऑटो बंद करून केल्विनचा आकडा हाताने हलवत गेलो, तोच पांढरा कागद जवळपास पांढरा दिसेपर्यंत, म्हणजे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ येईपर्यंत. पिवळट बल्बचा उजेड २७०० ते ३००० केल्विन, पांढऱ्या एलईडीचा ६५०० च्या आसपास, एवढा अंदाज सुरुवातीला पुरतो. रंगीत कापडाखाली केल्विनने सगळं सुटत नाही, कारण ती पट्टी फक्त पिवळ्या-निळ्या दिशेत चालते. उरलेलं थ्रेशोल्डने सांभाळायचं.

८. थ्रेशोल्डचे आकडे काढायची खरी पद्धत कोणती? आम्ही अंदाजाने सरकवत बसतो.

सरकवत बसू नका, मोजा. रोबोटच्याच कॅमेऱ्याने (फोनने नाही, फोन स्वतःच्या मनाने चित्र सजवतो) वीसेक फ्रेम साठवा: वस्तू जवळ, लांब, सावलीत, दिव्याखाली, अर्धी झाकलेली. एसडीकेच्या व्हिजनपोर्टलमध्ये (कॅमेरा हाताळणाऱ्या भागात) कच्ची फ्रेम साठवायची सोय आहे. मग लॅपटॉपवर वस्तूच्या आतले पिक्सेल निवडून त्यांचा सर्वांत लहान आणि मोठा आकडा बघा, आणि दोन्हीकडे थोडी मोकळीक ठेवा. हेच पार्श्वभूमीसाठीही करा. वस्तूच्या आणि पार्श्वभूमीच्या हद्दी एकमेकींत शिरत असतील तर परत प्रश्न ५ आणि ७ कडे जा.

ओपनसीव्हीत (चित्रांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ह्यू ० ते १७९ असतो, ३६० पर्यंत नाही; इंटरनेटवरचे आकडे उचलताना निम्मे करून घ्या. लाल रंग या वर्तुळाच्या शिवणीवर बसतो, थोडा शून्याच्या पुढे आणि थोडा १७९ च्या मागे. त्यासाठी दोन पट्टे घेऊन जोडावे लागतात. "आमचा रोबोट अर्धाच लाल बघतो" असं सांगणाऱ्यांचा एक पट्टा राहिलेला असतो.

ह्यूची हद्द अरुंद ठेवा, उजळपणाची रुंद. उजेड बदलला की उजळपणा सगळ्यात जास्त हलतो, म्हणून त्यावर भिस्त नको. संपृक्ततेची (रंग किती गडद आहे त्या आकड्याची) खालची हद्द मात्र सोडू नका. राखाडी मॅटच्या पिक्सेलांना ह्यू कसलाही असू शकतो, त्यांना बाहेर ठेवते ती हीच हद्द.

डिकोडचे गोळे पोकळ आणि भोकं पाडलेले. भोकांतून आतली सावली दिसते, म्हणून ओळखलेला आकार चाळणीसारखा येतो. तो बुजवून घेतल्याशिवाय क्षेत्रफळ मोजू नका, नाहीतर जवळचा गोळा लांबचा वाटेल.

९. आम्ही एप्रिलटॅगच वापरतो. ते तर काळे-पांढरे, मग उजेडाची काळजी आम्ही का करायची?

रंगवाल्यांपेक्षा कमी करा, पण करा. मिशिगन विद्यापीठात तयार झालेले हे टॅग उजेडाच्या फरकाला टिकतील असेच घडवले आहेत. ओळख आजूबाजूच्या पिक्सेलांच्या फरकावर चालते, एकाच ठरावीक आकड्यावर नाही. म्हणूनच मोठ्या मुलांच्या एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन) स्पर्धेत २०२३ पासून टॅग आले आणि लक्ष्यावरची चमकणारी पट्टी व ती उजळवणारं हिरव्या दिव्यांचं कडं हळूहळू मागे पडलं.

तीन गोष्टी तरी टॅगला मारतात. पहिली फरपट, तिचा हिशेब प्रश्न ५ मध्ये झाला. दुसरी चमक: टॅगवर दिव्याचं प्रतिबिंब पडलं की त्या जागचे काळे चौकोन पांढरे होतात. रोबोट वीत-दोन वीत बाजूला सरकवला की प्रतिबिंब हलतं, म्हणून ऑटोनॉमसमध्ये टॅग वाचला गेला नाही तर रोबोटला थोडं सरकून पुन्हा बघायला शिकवा. तिसरी सगळ्यात छुपी. एक्स्पोजर जास्त झालं की पांढरा भाग काळ्यावर ओघळतो आणि काळी चौकट किंचित लहान दिसते. टॅग वाचला जातो, आयडीही बरोबर येतो, पण अंतर चुकतं. "आयडी येतोय पण रोबोट गोलच्या फार जवळ जाऊन थांबतो" अशी तक्रार आली की मी पहिली शंका एक्स्पोजरवर घेतो.

१०. लेन्सचं कॅलिब्रेशन हॉलमध्ये पुन्हा करावं लागतं का?

नाही. उजेडाने भिंग बदलत नाही. रिझोल्यूशन बदललं, फोकस हलला किंवा कॅमेराच बदलला तरच पुन्हा करा. लॉजिटेकच्या सी९२० ला ऑटोफोकस आहे, ते बंद करून फोकस एका जागी बांधून टाका, नाहीतर फोकल लांबी मॅचगणिक बदलत राहील. सी२७० चा फोकस मुळातच स्थिर, ती कटकट नाही.

११. सेटिंग मॅन्युअल केलं तरी मॅचमध्ये परत ऑटो झालेलं दिसतं. काय चुकतंय?

बहुधा क्रम. कॅमेरा उघडतोय पण चित्र वाहायला लागलेलं नाही, तेवढ्यात सेटिंग पाठवलं तर ते हवेत जातं आणि चूकही दाखवत नाही. आधी कॅमेरा स्ट्रीमिंग स्थितीत येईपर्यंत थांबा, मग मोड मॅन्युअलवर न्या, किंचित थांबा, मग आकडा लावा. मोड ऑटोवर असताना लावलेला आकडा कॅमेरा सरळ दुर्लक्षतो. शेवटी तोच आकडा कॅमेऱ्याकडून वाचून पडद्यावर छापा. प्रत्येक ऑपमोड (रोबोटवर चालवायचा प्रोग्रॅम) सुरू होताना हे सगळं नव्याने करायचं; कालचं सेटिंग आज टिकलं असेल असं धरून चालू नका.

१२. रोबोटवरच एलईडीची पट्टी लावली तर बाहेरच्या उजेडाचा प्रश्नच मिटेल ना?

जवळून बघायचं असेल तर मिटतो. उचलायच्या पंज्यापाशी, हातभर अंतरात, स्वतःचा दिवा फार उपयोगी; वस्तू रोबोटच्या पोटात आली की बाहेरचा हॉल कसाही असो. दोन-तीन मीटरवर मात्र तुमची पट्टी छतावरच्या दिव्यांपुढे काजवा. उलट गुळगुळीत प्लॅस्टिकवर तिचं प्रतिबिंब पडून गोळ्याच्या मधोमध पांढरा ठिपका येतो. दिवा कॅमेऱ्याला चिकटून लावू नका, थोडा बाजूला आणि तिरका लावा, वर बटर पेपरचा तुकडा लावून पसरवा. दिवे, त्यांची जोडणी आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येणारा झोत यांबाबत मॅन्युअलमध्ये नियम असतात, इन्स्पेक्शनआधी वाचा.

१३. एआय मॉडेल शिकवलं तर या सगळ्यातून सुटका?

तुमच्या गॅरेजमधल्या तीनशे फोटोंवर शिकलेलं मॉडेल तुमच्या गॅरेजमध्ये उत्तम चालतं. त्याला निरनिराळ्या उजेडातले फोटो दिले तर ते थ्रेशोल्डपेक्षा जास्त सहनशील होतं, पण जळलेलं किंवा फरपटलेलं चित्र त्यालाही वाचता येत नाही. एक्स्पोजर बांधणं इथेही पहिलंच काम. हस्कीलेन्सवर (वस्तू आणि रंग स्वतःच ओळखणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यावर) बटण दाबून रंग शिकवता येतो. तो हॉलमध्ये, फील्डवर ठेवलेल्या वस्तूवरच शिकवा, पिटमधल्या (संघांच्या तयारीच्या जागेतल्या) टेबलावर नाही. पिटमधले दिवे आणि फील्डवरचे दिवे वेगळे असतात, ही गोष्ट कितीतरी संघांना मॅच हरल्यावर कळते.

१४. फ्यूचर इंजिनिअर्समध्ये लाल-हिरवे खांब आहेत. त्यासाठी वेगळं काही?

खांब ५ सेंटिमीटर चौरस आणि १० सेंटिमीटर उंच. लाल दिसला तर उजवीकडून जायचं, हिरवा दिसला तर डावीकडून. दोनच रंग, म्हणून लोक निर्धास्त असतात. अडचण येते ती सावलीतल्या बाजूची: गाडी ज्या बाजूने येते ती बाजू दिव्याकडे पाठ करून असेल तर लाल खांब तपकिरी दिसतो. उजळपणाची खालची हद्द बरीच खाली न्या आणि ह्यूवर विसंबा. दुसरं असं की गाडी ट्रॅकला फेऱ्या मारते, म्हणजे प्रत्येक फेरीत चारही दिशांकडे तोंड करते. एका दिशेला खिडकी असेल तर कॅलिब्रेशन त्या दिशेला तोंड करून तपासा, सोयीच्या दिशेला नाही. गाड्या तपासणीला जमा झाल्या की हात लावता येत नाही, म्हणून जे करायचं ते सरावाच्या वेळेतच.

१५. सकाळी सगळं बरोबर, दुपारी तोच रोबोट चुकतो. बॅटरी?

बॅटरी नाही, ऊन. आपल्याकडच्या बऱ्याच हॉलना छतात अर्धपारदर्शक पत्रे असतात आणि खिडक्या उंचावर. सकाळी दहाला फील्डच्या बाहेर पडलेला कवडसा दीड वाजता बरोबर मॅटवर येऊन बसतो. हॉलमधला उजेड काहीशे लक्सचा आणि थेट ऊन लाखाच्या घरात. कवडशातली आणि सावलीतली वस्तू एकाच एक्स्पोजरमध्ये सांभाळणं कोणत्याच वेबकॅमला जमत नाही.

मी सकाळी पोचल्या पोचल्या खिडक्या कोणत्या दिशेला आहेत ते बघतो आणि दुपारी ऊन कुठे येईल त्याचा अंदाज एका कागदावर काढून मुलांना देतो. सेटिंगचे दोन संच तयार ठेवा, एक सकाळचा आणि एक दुपारचा, आणि इनिटच्या वेळी (मॅचआधी प्रोग्रॅम तयार होतो तेव्हा) गेमपॅडच्या बटणाने निवडता येतील अशी सोय करा. कवडसा ऐन फील्डवरच येत असेल तर प्रश्न १८ पाहा.

१६. लाल अलायन्सकडून खेळलो की चालतं, निळीकडून नाही. कोड तर आरशासारखा उलटवलेला आहे.

कोड आरशासारखा आहे, हॉल नाही. एका बाजूने कॅमेरा भिंतीकडे बघतो, दुसऱ्या बाजूने खिडकीकडे किंवा एलईडीच्या मोठ्या पडद्याकडे. उजेड समोरून आला की वस्तू काळ्या आकृतीसारखी दिसते. दोन्ही बाजूंसाठी एक्स्पोजरचे आकडे वेगळे ठेवा.

आणखी एक गंमत. एफटीसीच्या फील्डच्या कडा पारदर्शक असतात, त्यामुळे कॅमेऱ्याला पलीकडचे लोकही दिसतात. एकदा आमच्या मुलांचा रोबोट हट्टाने एका कोपऱ्याकडे वळत होता. तिथे जांभळ्या टी-शर्टात एक स्वयंसेवक ताई उभ्या होत्या. बिचाऱ्या प्रत्येक मॅचला तिथेच उभ्या राहत, कारण त्यांची जागाच ती होती. चित्राचा वरचा भाग कापून टाकला, प्रश्न संपला. गोळे जमिनीवर असतात. क्षितिजाच्या वरचं काही बघायची गरजच काय?

१७. स्पर्धेच्या दिवशी फील्डवर जेमतेम पाच-सात मिनिटं मिळतात. त्यात काय उरकायचं?

एका स्पर्धेत आमच्या संघाला सरावाची पाळी मिळाली आणि तिघे मुलगे लॅपटॉपवर वाकून कोडमधली वेगळीच चूक दुरुस्त करत बसले. मिनिटं सरत होती. नववीतली एक मुलगी इन्स्पेक्शनच्या फॉर्मची मागची कोरी बाजू उलटी धरून फील्डच्या चारही कोपऱ्यांत फिरली, ड्रायव्हर स्टेशनवर (रोबोट चालवायच्या उपकरणाच्या पडद्यावर) कॅमेऱ्याचं चित्र उघडलं आणि प्रत्येक ठिकाणचा उजळपणा पेनने तळहातावर लिहिला: २१०, १९५, २०५, १२०. चौथ्या कोपऱ्यावरचा दिवा बंद होता. वर बघितल्याशिवाय ते कोणाच्या लक्षातही आलं नसतं. ऑटोनॉमसची सुरुवातीची जागा आम्ही त्या कोपऱ्यापासून दूर घेतली. थ्रेशोल्डला त्या दिवशी हातही लावला नाही.

तेव्हा पाच मिनिटांत एवढंच: कागद चार ठिकाणी, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, आणि वीस फ्रेम साठवून बाहेर. थ्रेशोल्ड त्या फ्रेमवरून पिटमध्ये बसून काढा. आणि प्रत्येक मॅचआधी इनिट दाबल्यावर ड्रायव्हर स्टेशनवर चित्र एकदा बघा, दहा सेकंद पुरतात.

१८. आयोजकांना पडदे लावायला किंवा स्टेजचे रंगीत दिवे बंद करायला सांगितलं तर चालतं का?

विचारायला हरकत नाही, पण मॅचच्या दोन मिनिटं आधी नाही. सकाळी, ड्रायव्हर्स मीटिंगच्या वेळी, संघातल्या एका मुलाने किंवा मुलीने जाऊन नम्रपणे सांगावं, पालकांनी नको. "आमचा रोबोट चालत नाही" असं न म्हणता "दीड वाजता फील्ड दोनच्या या कोपऱ्यात ऊन येईल, सगळ्याच संघांना अडचण होईल" असं म्हणा, आणि सोबत फ्रेम दाखवा. मी दोनदा पडदे लागलेले पाहिलेत. एकदा पडदे नव्हतेच, तेव्हा स्वयंसेवकांनी बॅनर उलटा करून खिडकीला बांधला. एकदा साफ नकार मिळाला, आणि त्या दिवशी आम्ही दुपारचा संच वापरला.

१९. घरी हॉलसारखा उजेड कसा तयार करू?

हुबेहूब नाही करता येत, पण रोबोटला वाईट सवय लागू नये एवढं करता येतं. सरावाच्या खोलीत एकच दिवा ठेवून बाकीचे बंद करा. मग फक्त खिडकी उघडी. मग टेबललॅम्प एका बाजूने, पिवळा बल्ब लावून. मग लॅम्पपुढे रंगीत ओढणी. प्रत्येक वेळी तीच वस्तू, तोच कागद, आणि आकडे वहीत. शक्य असेल तर एखाद्या रविवारी जवळच्या कॉलेजचा किंवा मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल तासभर मागून घ्या. आमच्या गल्लीतल्या कार्यालयाचे मालक एक वाटी पेढ्यांवर तयार होतात, फक्त लग्नसराई सोडून.